चालत्या स्पोर्ट्स कारचे पॉवर स्टिअरिंग अचानक जड झाले : निदान आणि दुरुस्ती (नागपूर)

वळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ सालची दोन आसनी जर्मन स्पोर्ट्स कार आहे. इंजिन आसनांच्या मागे, सहा सिलिंडरचे, २.७ लिटरचे, गिअर हाताने बदलायचे, आणि पॉवर स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे (हायड्रॉलिक). कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही आणि चर्चा गाडीच्या नावावरून भरकटू नये अशी इच्छा आहे.

मागच्या रविवारी दुपारी समृद्धी महामार्गाने वर्ध्याकडून नागपूरला येत होतो. ऊन मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हासारखेच होते. शिवमडक्याला महामार्ग सोडेपर्यंत गाडीत काहीही वावगे जाणवले नाही. मात्र वेग कमी करून गाडी वळवायला घेतली तेव्हा स्टिअरिंग इतके जड झालेले होते की दोन्ही हातांनी ओढल्यावरच चाके वळली. इंजिन चालू होते, ब्रेक नेहमीसारखे लागत होते, बॅटरीचा दिवा लागलेला नव्हता आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा आपल्या जागी होता. गाडी कडेला घेतली आणि सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर स्टिअरिंग पुष्कळसे हलके होते. पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर ते पुन्हा जड झाले. शहरातील एका गॅरेजमध्ये दाखवली असता गाडी उचलून न पाहता, तेलाची टाकी न उघडता, "रॅक गेला आहे, संपूर्ण बदलावा लागेल" असे सांगण्यात आले. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळवणारा दातेरी दांड्याचा भाग, आणि त्याची किंमत एखाद्या जुन्या छोट्या गाडीइतकी आहे. पैसे खर्च करायला हरकत नाही, परंतु तपासल्याशिवाय एवढा मोठा भाग बदलणे मनाला पटत नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंगचे निदान कोणत्या क्रमाने करावे हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चाक आणि धुरा

आपण दिलेल्या नोंदी फार उपयोगाच्या आहेत. बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा काटा या दोन गोष्टी बहुतेक लोक सांगतच नाहीत. आपल्या गाडीच्या रचनेत स्टिअरिंगचा पंप, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर हे सगळे एकाच लांब खाचदार पट्ट्यावर फिरतात. तो पट्टा तुटला असता तर स्टिअरिंग जड होण्याबरोबरच बॅटरीचा दिवा लागला असता आणि पाणी फिरायचे थांबल्यामुळे नागपूरच्या उन्हात काही मिनिटांतच काटा लाल रेषेकडे गेला असता. यांपैकी काहीही झाले नाही, त्या अर्थी पट्टा जागेवर आहे. तरीही तो डोळ्यांनी पाहावाच. आसनांच्या मागचा गालिचा आणि त्याखालचे झाकण काढले की पट्टा थेट समोर येतो.

येथे वाचणाऱ्या सर्वांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. चालत्या गाडीत स्टिअरिंग जड झाले आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला, तर "घर जवळच आहे, एवढे अंतर काढू" असा विचार करू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन लगेच बंद करावे. स्टिअरिंगची दुरुस्ती परवडते, पण पाण्याविना तापून वाकलेले सिलिंडर हेड परवडत नाही. दुसरी शक्यता अशी की इंजिनच बंद पडले असेल. तसे असेल तर ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टरही साठलेल्या निर्वातावर दोन-तीन वेळाच साथ देतो, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून-सोडून न वाया घालवता एकदाच दाबून धरून गाडी थांबवावी. स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक जोड अशा वेळीही शाबूत असतो. मदत गेलेली असते, ताबा गेलेला नसतो. हे डोक्यात पक्के असेल तर माणूस घाबरून स्टिअरिंग सोडत नाही.

महामार्गावर काहीच जाणवले नाही याचे आश्चर्य वाटू देऊ नका. शंभरच्या वेगात चाके वळवायला मुळातच फार थोडी ताकद लागते आणि तेथे पंपाची मदत असली-नसली तरी हाताला फारसा फरक कळत नाही. बिघाड कदाचित वीस-पंचवीस किलोमीटर आधीच झालेला असेल. रुंद टायर, लहान व्यासाचे स्टिअरिंग आणि थोड्या फिरवण्यात जास्त वळणारा रॅक यांमुळे स्पोर्ट्स कारमध्ये कमी वेगातला हा फरक साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

अजनीकर

तेलाची पातळी काय आहे? पहिला प्रश्न तोच असायला हवा.

वळणवाट (धागाकर्ता)

आज संध्याकाळी टाकी उघडून पाहिली. थंड इंजिनावर पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे. झाकणाला जोडलेली काडी पांढऱ्या कापडावर पुसली तेव्हा डाग मातकट तपकिरी उमटला. या गाडीचे तेल मूळचे हिरवे असते, म्हणून हा रंग मला खटकला. फेस दिसला नाही. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता, तो कोरडा निघाला. पट्टाही पाहिला, शाबूत आहे आणि ताणही व्यवस्थित वाटतो. इंजिन चालू असताना पंपाची पुली फिरताना दिसते.

खाणीतला फिटर

मी आयुष्यभर कोळसा खाणींतील अवजड यंत्रांची हायड्रॉलिक प्रणाली सांभाळली. डंपर आणि आपली छोटी गाडी यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी तेल दोन्हीकडे एकाच नियमाने वागते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पातळी बरोबर आहे, फेस नाही, बाहेर गळती नाही, पट्टा फिरतो आहे. आता तीनच जागा उरतात. एक, पंप दाब तयार करत नाही. दोन, पंप दाब तयार करतो पण रॅकमधला व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचे सील तो आतल्या आत गमावून बसतात. तीन, मधली एखादी नळी आतून फुगून बंद झाली आहे. यांतले काय खरे आहे हे बाहेरून बघून कोणीही सांगू शकत नाही. मीही सांगू शकत नाही. त्यासाठी दाबमापक लावावा लागतो आणि तो लावायला तासाभराचेच काम आहे.

पंपातून निघणाऱ्या दाबाच्या नळीत दाबमापक बसवायचा आणि मापकाच्या पुढे, म्हणजे रॅकच्या बाजूला, एक बंद-चालू करता येणारा व्हॉल्व्ह बसवायचा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून, स्टिअरिंग सरळ ठेवून, इंजिन मंद गतीवर चालवले तर काटा थोडासाच वर येतो, कारण तेल फक्त फिरत असते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ नाही, नाहीतर तेल उकळून पंप खराब होतो. बंद केल्याबरोबर काटा झपकन वर जाऊन पंपाच्या ठरलेल्या कमाल दाबाला थांबला पाहिजे. प्रवासी गाड्यांमध्ये हा दाब बहुधा ७० ते १२० बार या पट्ट्यात असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा दुरुस्ती पुस्तिकेत मिळेल. काटा तेथवर गेला तर पंप निर्दोष, दोष पुढे रॅकमध्ये किंवा नळीत. गेला नाही तर दोष पंपात, आणि रॅकला हात लावायचे कारण नाही.

ही चाचणी थंड तेलावर एकदा आणि गरम तेलावर एकदा करा. आपल्या गाडीचा बिघाड गरम झाल्यावर येतो, म्हणून नुसती थंड चाचणी फसवेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चालू इंजिनावर दाबाच्या नळीवरून हात फिरवून गळती शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शंभर बारने निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. बाहेर फक्त एक बारीक ठिपका दिसतो, दुखत नाही, आणि आत मात्र बोट सडायला लागते. असे झाल्यास मलम लावत बसू नये, थेट शल्यचिकित्सकाकडे जावे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवावा.

तंत्रशिक्षिका

काकांनी सांगितलेली चाचणी अगदी योग्य आहे. या धाग्यावर पुढे इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाले वाचकही येतील, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे लिहिते, कारण त्यांना दाबमापकाचा काहीच उपयोग नाही.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग प्रथम १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आले आणि आज आपल्याकडील बहुतेक नव्या गाड्यांत तेच असते. गेल्या दशकभरातल्या बहुतेक स्पोर्ट्स कारही त्याच वाटेने गेल्या आहेत. त्यात पंप, तेल, नळ्या काही नसते. स्टिअरिंगच्या दांड्यातील एक टॉर्शन बार हाताच्या जोराने किंचित पिळला जातो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्यानुसार मोटर मदत करते. येथे अचानक मदत जाण्याचे सर्वांत सामान्य कारण विजेचा पुरवठा हे असते. उभ्या गाडीत चाके वळवताना ही मोटर कित्येक दहा अँपिअर प्रवाह ओढते. बॅटरी म्हातारी असेल, तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचला असेल किंवा बॉडीला जोडलेली अर्थची तार सैल असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळते आणि नियंत्रक स्वतःला वाचवण्यासाठी मदत बंद करतो. म्हणून मोटर बदलण्याआधी चालू इंजिनावर, कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून, नियंत्रकाच्या जोडावर व्होल्टेज मोजावे. नुसत्या बॅटरीच्या टोकांवर मोजले तर तारेतला दोष दिसत नाही.

दुसरे कारण उष्णतेचे. अरुंद जागेत गाडी लावताना स्टिअरिंग सारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले की मोटर तापते आणि नियंत्रक मदत हळूहळू कमी करतो. गाडी थोडा वेळ उभी ठेवली की सगळे पूर्ववत होते. तो बिघाड नव्हे. दोषाची नोंद वाचताना साधा स्वस्त स्कॅनर चालत नाही, कारण तो बहुधा फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. स्टिअरिंगचे कोड 'सी' या अक्षराने सुरू होतात, नियंत्रकांमधील संवाद तुटल्याचे 'यू' या अक्षराने. ते वाचणारे यंत्र लागते. आणि रॅक, दांडा किंवा सेन्सर बदलल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो, अन्यथा गाडी घसरण्यापासून वाचवणारी यंत्रणा चुकीच्या माहितीवर काम करते.

धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न आहे. शेवटच्या सर्व्हिसमध्ये कोणी टाकीत तेल वाढवले होते का? हिरव्या तेलाचा डाग तपकिरी येण्याची दोनच कारणे असू शकतात : ते जळले आहे, किंवा त्यात लाल तेल मिसळले आहे.

सदरवाला

एवढ्या खटाटोपापेक्षा पंप काढून टाकून रॅकच्या नळ्या एकमेकींना जोडून द्याव्यात. शर्यतीच्या गाड्यांमध्ये असेच करतात. वजनही कमी होते आणि रस्त्याची जाणीव हाताला चांगली मिळते.

चाक आणि धुरा

@सदरवाला, हा सल्ला मनापासून नाकारावासा वाटतो. पॉवर रॅकचे दात मदत गृहीत धरून कापलेले असतात, म्हणजे थोड्या फिरवण्यात जास्त वळणारे. मदत काढली की ते दात तसेच राहतात आणि जोर मात्र सगळा हाताने लावावा लागतो. शिवाय तेलाच्या स्टिअरिंगमध्येही असणाऱ्या टॉर्शन बारमधला किंचित ढिलेपणा कायमचा हाताला जाणवत राहतो. शर्यतीसाठी हे करणारे लोक रॅक उघडून तो बार वेल्ड करतात, आतले सील काढतात आणि बहुतेक वेळा पुढचे टायरही बदलतात. ती गाडी सीताबर्डीच्या गर्दीत चालवण्यासाठी नसते. स्टिअरिंगच्या मूळ रचनेत असा फेरफार केलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीपुढे कोणते उत्तर द्यायचे, हाही प्रश्न आहे.

वळणवाट (धागाकर्ता)

ताईंचा प्रश्न वाचून सर्व्हिसची जुनी पावती काढली. आठ महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसमध्ये "स्टिअरिंग ऑइल टॉप-अप" अशी ओळ आहे, तेलाचा प्रकार लिहिलेला नाही. ज्या ठिकाणी हे काम झाले तेथे फोन करून विचारले असता "आम्ही सगळ्या गाड्यांना एकच लाल तेल घालतो" असे उत्तर मिळाले.

चाचणी काल झाली. हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक नळ्यांचे काम करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे मापक होता. आपल्या गाडीच्या आट्यांना बसेल असा जोड त्यांनी लेथवर तयार करून दिला. थंड तेलावर व्हॉल्व्ह बंद करताच काटा ९० बारच्या पुढे गेला. गाडी उभ्यानेच वीस मिनिटे चालवली, मधूनमधून इंजिनाचा वेग मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर नेला आणि मग मंद गतीवर आणून पुन्हा व्हॉल्व्ह बंद केला. या वेळी काटा ३० बारच्या आसपास जाऊन तेथेच थरथरत राहिला. मिस्त्रींनी पंपाच्या अंगावर पान्ह्याच्या मुठीने हलकेच टिचकी मारली आणि काटा डोळ्यांदेखत ३० वरून ८० वर उडाला.

गाडी तशीच उभी असताना स्टिअरिंगच्या कडेला साधा ताणकाटा अडकवून ओढून पाहिले. काटा ३० बारवर असताना चाके हलायला सुमारे १४ किलोचा ओढा लागला.

खाणीतला फिटर

टिचकी मारल्यावर काटा उडाला, याचा अर्थ फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे पंपातला तेलाचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह, अडकतो आहे. आता सगळी कहाणी जुळते, ती कशी ते सांगतो.

हा पंप इंजिनाच्या वेगाने फिरतो. इंजिन मंद असते तेव्हा गाडी सहसा हळू चालत असते आणि मदतीची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून पंप एवढा मोठा ठेवतात की मंद गतीतही पुरेसे तेल मिळावे. मग महामार्गावर इंजिन तीन-चार हजारांवर गेले की पंप गरजेच्या कितीतरी पट तेल ढकलू लागतो. ते जादा तेल पंपाच्या आतूनच परत तोंडाशी वळवण्यासाठी एक छोटी दट्ट्यासारखी पोलादी सरकपट्टी असते, तिच्या मागे स्प्रिंग असते. वेग वाढला की ती मागे सरकते आणि परतीची वाट उघडते. वेग कमी झाला की स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि वाट बंद होते.

आपली गाडी समृद्धीवर बराच वेळ चढ्या वेगात चालली. सरकपट्टी पूर्ण मागे गेलेली होती, तेल तापून पातळ झालेले होते, आणि तेवढ्यात तिच्या व नळकांड्याच्या मधल्या केसाहून बारीक फटीत काहीतरी कण अडकला. वेग कमी केल्यावर ती पुढे आलीच नाही. परतीची वाट उघडीच राहिली आणि पंपाचे जवळपास सगळे तेल पंपातच गोल फिरत राहिले. रॅकपर्यंत दाब पोचलाच नाही. थंड झाल्यावर धातू आकसला, कण सैल झाला, स्प्रिंगने पट्टी पुढे ढकलली आणि सकाळी स्टिअरिंग हलके वाटले. रॅकचे सील गेले असते तर ते टिचकीने बरे झाले नसते.

आता तो कण कोठून आला हे शोधल्याशिवाय नवा पंप बसवू नका, नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जाईल. टाकीच्या तळाशी जाळी असते हे खरे, पण ती रॅककडून परत येणाऱ्या तेलासाठी असते. टाकीतून पंपाकडे जाणारी जाड रबरी नळी त्या जाळीच्या पुढे असते. त्या नळीतून सुटलेला कण गाळला न जाता थेट पंपात शिरतो. ती नळी कापून आतून पाहा.

तंत्रशिक्षिका

लाल तेलाचा संबंध येथेच असावा. जर्मन गाड्यांतील हे हिरवे तेल कृत्रिम, फार पातळ आणि कमी तापमानातही वाहते राहणारे असते. लाल तेल हे मूळचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. दोन्हींतील रसायने वेगळी असतात आणि सील व नळ्यांचे रबर ज्या तेलासाठी निवडलेले असते त्याच तेलात ते आपला आकार टिकवते. दुसऱ्या तेलात ते फुगू शकते किंवा मऊ पडू शकते. जपानी आणि कोरियन हायड्रॉलिक गाड्यांपैकी पुष्कळांना लाल तेलच लागते, त्यामुळे लाल तेल वाईट असे कोणी समजू नये. पण रंगावरूनही निवड करू नये, कारण रंग कंपनी हवा तो घालू शकते. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे मानक छापलेले असते ते डब्यावर शब्दशः जुळले पाहिजे.

बुटीबोरीकर

माझा अनुभव या धाग्याला पूरक आहे म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्या गाडीत असाच प्रकार झाला, पण त्यात टाकीत फेस दिसत होता आणि वळताना घूं घूं असा आवाज येत होता. कारण निघाले ते टाकी ते पंप या नळीवरचा सैल क्लिप. त्या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते, म्हणून सैल जोडातून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. फेस असेल तर पंपाआधी तो क्लिप पाहावा.

वळणवाट (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले आहे. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी तपशील लिहितो.

प्रथम टाकीतून पंपाकडे जाणारी शोषणाची नळी काढली आणि मिस्त्रींनी ती उभी चिरली. बाहेरून ती नव्यासारखी टणक दिसत होती. आतून मात्र पंपाकडच्या टोकाशी बोटभर भागातले रबर चिकट मऊ झालेले होते. नखाने खरवडले की शाईसारखे काळे निघत होते आणि एका जागी त्याचा पापुद्रा अर्धवट सुटून लोंबत होता. त्यानंतर पंप काढून व्हॉल्व्हचे बूच उघडले. सरकपट्टी हाताने सहज बाहेर येत नव्हती. काढल्यावर तिच्या कडेवर तेच काळे कण चिकटलेले होते आणि पोलादावर एक लांब चमकदार ओरखडा होता. नुसता कण असता तर पंप धुऊन परत बसवता आला असता, परंतु तसाच ओरखडा नळकांड्याच्या आतील भिंतीवरही होता. काकांना छायाचित्र पाठवले, त्यांनी पंप पुन्हा न वापरण्याचा सल्ला दिला आणि तो मला पटला. कारखान्यात नव्याने बांधलेला पंप मागवला. टाकीतील जाळी वेगळी मिळत नाही, म्हणून टाकी नवीन घेतली. शोषणाची नळी नवीन. रॅक, दाबाची नळी आणि गाडीच्या पोटाखालून पुढे जाणाऱ्या धातूच्या लांब नळ्या आहेत त्याच ठेवल्या. एकूण खर्च नव्या रॅकच्या किमतीच्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी आला.

नवा पंप जोडण्याआधी रॅक आणि लांब नळ्या धुऊन घेतल्या. पुढची चाके जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर घेतली, परतीची नळी टाकीवरून काढून बाटलीत सोडली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. रॅकचा पिस्टन स्वतःच पंपासारखे काम करतो आणि जुने तेल बाहेर येते. तपकिरी तेल संपून स्वच्छ हिरवे येईपर्यंत दाबाच्या बाजूने नवे तेल देत राहिलो. आपल्या गाडीत पंप मागे आणि रॅक पुढे असल्यामुळे नळ्यांत पुष्कळ तेल राहते; पुढे इंजिन असलेल्या गाडीचा हिशेब येथे धरू नये, डबे जास्तीचे आणून ठेवावेत.

मग पंप बसवला, जोडांवरील ओ-रिंग आणि वॉशर सगळे नवे घातले, टाकी भरली आणि इंजिन सुरू न करता पुन्हा स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवत राहिलो. पातळी खाली जायची थांबेपर्यंत हे करणे महत्त्वाचे आहे, कारण इंजिन लगेच सुरू केले तर पंप आतल्या हवेचा फेस करतो आणि तो फेस बसायला तासन्‌तास लागतात. त्यानंतर इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवले. टोकाला पोचल्यावर स्टिअरिंग तेथे दाबून धरले नाही. पंपासाठी पट्टा काढलेला असतानाच त्याच्या खाचा झिजेच्या मापकाने तपासल्या होत्या. आजकालच्या पट्ट्यांना झिजले तरी पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना चांगला दिसणारा पट्टा चांगला असेलच असे नाही. आमचा मर्यादेजवळ आलेला होता, म्हणून जोडताना तोही नवा घातला.

गरम तेलावर पुन्हा मापक लावला. व्हॉल्व्ह बंद करताच काटा ९५ बारला गेला आणि तेथे स्थिर राहिला. ताणकाट्यावर ओढा ३ किलोच्या आत आला. महामार्गावर तासभर चालवून आणल्यानंतरही आकडे तेच आहेत.

अजनीकर

उत्तम. अलाइनमेंट करून घ्यावे लागले का? आणि मिस्त्रींकडून दाबाची नळीही नवी क्रिम्प करून (टोकांना धातूचे जोड दाबून बसवून) घेतली असती तर चालले असते का? हिंगणा आणि वाडी भागात जेसीबीच्या नळ्या करून देणारे पुष्कळ आहेत.

खाणीतला फिटर

अलाइनमेंटची गरज नाही, कारण रॅक आणि त्याला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडचे टोक यांना हातच लावलेला नाही. त्यांपैकी काही सोडले असते तर नक्की करावे लागले असते.

नळीबद्दल दोन अटी पाळल्या तर चालते. नळीची दाबाची क्षमता पंपाच्या कमाल दाबापेक्षा बरीच जास्त हवी, ती जेसीबीच्या नळ्यांची सहज असते. दुसरी अट लोक विसरतात : नळीच्या आतील रबर आपल्या तेलाला आणि इंजिनाजवळच्या उष्णतेला चालणारे हवे. जेसीबीची साधी नळी खनिज तेलासाठी बनवलेली असते. दुकानदाराला तेलाचा डबा नेऊन दाखवावा आणि त्या तेलाला चालेल असे तो लेखी देत असेल तरच नळी करून घ्यावी. शिवाय मूळ नळीच्या आत काही गाड्यांत आवाज दाबण्यासाठी एक बारीक लवचिक नळी बसवलेली असते. ती नव्या नळीत नसली तर मदत पूर्ण मिळते, पण वळताना सूं सूं आवाज येतो आणि माणूस उगाच पंपाला दोष देतो.

वळणवाट (धागाकर्ता)

काका, ताई आणि सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिरलेली नळी आणि ओरखडा पडलेली सरकपट्टी जपून ठेवली आहे. ज्या ठिकाणी लाल तेल घातले गेले तेथील प्रमुखांनी ती पाहायला मागितली आहे आणि मी या आठवड्यात घेऊन जाणार आहे. नव्या टाकीच्या झाकणावर तेलाचे मानक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे. महिन्याभराने तेलाचा रंग आणि पातळी पुन्हा पाहून येथेच नोंदवतो.